'तथाकथित ख्रिस्त' की 'ज्याला ख्रिस्त म्हणत तो'?

प्रश्न असा आला आहे: येशूच्या ऐतिहासिक पुराव्यांवरच्या एका मराठी लेखात योसेफसचे वाक्य 'तथाकथित ख्रिस्त येशूचा भाऊ याकोब' असे दिले आहे. 'तथाकथित' बरोबर आहे का? आणि ख्रिस्त हे आडनाव समजायचे का?

आडनावाचे आधी उरकतो. नाही. 'ख्रिस्त' म्हणजे अभिषिक्त. हिब्रू 'मशीअह'चे ते ग्रीक भाषांतर, आणि त्याच हिब्रू शब्दाचा दुसरा धागा अरबी-फारसीतून आपल्याकडे 'मसीहा' होऊन आला. मराठीत मात्र आपण 'येशू ख्रिस्ताने' म्हणतो, विभक्ती शेवटच्या शब्दाला लावतो, त्यामुळे 'गोविंद जोश्यांनी' म्हटल्यासारखे वाटते खरे.

आता 'तथाकथित'. संस्कृतात बघाल तर निव्वळ 'तसे म्हटलेला'. पण आजच्या मराठीत 'तथाकथित विद्वान' म्हटले की समोरचा विद्वान नाही हे ठरलेच. शब्दातच नाक मुरडलेले आहे.

योसेफस हा ज्यू इतिहासकार. रोममध्ये बसून त्याने इ.स. ९३-९४च्या सुमारास ज्यूंचा प्राचीन इतिहास ग्रीकमध्ये लिहिला. त्याच्या विसाव्या भागात इ.स. ६२ची हकीकत आहे. जुना रोमन अधिकारी वारला, नवा अजून पोचायचा आहे, तेवढ्यात प्रमुख याजकाने (शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रे, त्यांतल्या हन्नाचा हा मुलगा) याकोबाला दगडमाराची शिक्षा देववली. याकोब कोणता? तर 'येशूचा भाऊ'. आणि येशू कोणता? तर 'लेगोमेनोस ख्रिस्तोस', ग्रीकमध्ये 'ख्रिस्त म्हटलेला'. ही खूण लागतेच, कारण त्या काळी येशू हे नाव गल्लोगल्ली होते. याच प्रसंगाच्या शेवटी त्या याजकाला काढून दुसरा नेमतात, त्याचेही नाव येशूच, दम्नायसचा मुलगा! खेड्यात चार सदाशिव असले की एकाला 'मळ्यातला सदा' म्हणावे, तसे हे.

'लेगोमेनोस'मध्ये कुत्सितपणा असतोच का? मत्तयाच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायातल्या वंशावळीच्या शेवटी, येशूसाठी हाच शब्द आहे, आणि मत्तय तर श्रद्धावान. पुढे रोमन सुभेदार पिलाताच्या तोंडीही तोच. येशूच्या शिष्याबद्दलच्या 'पेत्र म्हटलेला शिमोन' इथेही तोच. म्हणजे शब्द तटस्थ, सूर बोलणाऱ्याचा.

म्हणून माझ्या मते 'ज्याला ख्रिस्त म्हणत त्या येशूचा भाऊ' हेच नीट. 'ऊर्फ' चालले असते, त्याच्या अरबी मुळाशी 'ओळखणे' हाच अर्थ आहे. पण वर्तमानपत्रांतल्या गुन्हेवार्तांनी त्या शब्दाचे पार वाटोळे केले आहे.

एवढा कीस काढायचे कारण आहे. योसेफसच्या अठराव्या भागातला येशूवरचा परिच्छेद सरळ 'हा ख्रिस्त होता' म्हणतो. ज्यू इतिहासकार असे लिहिणार नाही. तिथे नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकाचा हात फिरला आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. विसाव्या भागात मात्र अशी कबुली नाही, नुसते 'म्हणत' आहे. म्हणून ते वाक्य अस्सल धरले जाते. मत्तयाचे उदाहरण पाहता एकट्या या शब्दावर फार भार टाकू नये, हेही खरे. पण जाता जाता केलेला उल्लेख, भावावरून दिलेली ओळख आणि तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने हेच शब्द दिलेले असणे, हे सगळे मिळून पारडे जड होते.

रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६च्या सुमारास लिहितो, तेव्हा 'म्हणत'ही गळाले आहे. पिलाताने ज्याला देहदंड दिला त्याचे नावच तो 'ख्रिस्तुस' देतो. तेव्हा आपण आडनाव समजलो, तर आपली चूक निदान एकोणीसशे वर्षे जुनी आहे.