तुझ्या आजोबांच्या टाचेवरची गाठ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. उत्तर कागदावर देतोय, कारण फोनवर एवढं टाइप करायला मला आठवडा लागेल. कुरिअरने लाळ पाठवून तू जो जनुकांचा अहवाल मागवलास, तोही पाहिला. लाल अक्षरांत ‘जास्त धोका’ छापलंय आणि तू विचारतेस, ‘काका, माझंही बाबांसारखंच होणार का?’ शेवटी जाता जाता लिहिलंयस की एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, २१४ आलं. बाळ, मी थांबलो तो त्या २१४पाशी.

आधी माझी एक चूक सांगतो. तुझे आजोबा एकदा पायाला कुरूप झालंय म्हणून दवाखान्यात आले होते. टाचेच्या वर, पोटरीकडे जाणाऱ्या जाड कंडरेवर (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर) गाठी होत्या, दोन्ही पायांना, सारख्याच. वहाणा घासून झालं असेल म्हणत मी मलम लिहून दिलं. दीड वर्षानं, एक्कावन्नाव्या वर्षी, ते शेतातून घरी येताना बांधावरच कोसळले. त्या गाठी कोलेस्टेरॉलच्या होत्या हे मला कितीतरी नंतर, एका पुस्तकातला फोटो बघताना उमगलं. तोवर तुझ्या बाबांना त्रेचाळिसाव्या वर्षी स्टेंट पडला होता. म्हणजे घरातला धागा माझ्या हातात येऊन मी तो सोडून दिला होता.

आता तुझं २१४. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल ओढून आत घेणारे रिसेप्टर असतात. ते बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची, एक वडिलांची. विहिरीवर दोन मोटा चालाव्यात तसं समज. त्यातली एक फाटकी निघाली तर उपसा होतो, पण अर्धाच. पाणी चढत राहतं. अमेरिकेत डॅलसला ब्राऊन आणि गोल्डस्टाईन यांनी १९७०च्या दशकात हे उलगडलं, तेही ज्यांच्या दोन्ही मोटा फाटक्या होत्या अशा रुग्णांच्या कातडीच्या पेशी वाढवून. त्यांना १९८५चं नोबेल मिळालं. एक प्रत बिघडलेली माणसं जगात साधारण अडीचशे-तीनशेंत एक, म्हणजे मोठ्या लग्नाच्या मांडवात एक-दोन सापडावीत इतकी. औषध घेतलं नाही तर अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीच्या आत, आणि बायकांपैकी सुमारे ३० टक्क्यांना साठीच्या आत हृदयविकार गाठतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला ती प्रत मिळण्याची शक्यता निम्मी. तेव्हा ‘बायकांना कुठे येतो ॲटॅक’ असं आत्या म्हणाली तर ऐकू नकोस. आणि आईच्या हातच्या तुपालाही दोष देऊ नकोस. बारीक, पळणारी, शाकाहारी माणसंही यातून सुटत नाहीत.

तुझ्याकडे हेच आहे असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. थायरॉईड मंदावला तरी एलडीएल चढतं, म्हणून आधी ती तपासणी कर. पण १९०च्या वरचा आकडा, बाबांचा स्टेंट आणि आजोबांची टाच, हे तिन्ही एका रेषेत येतात.

गंमत अशी, की तुझ्या त्या महागड्या अहवालात हे बहुधा दिसणारच नाही. त्यातल्या धोक्याच्या गुणांकात सर्वत्र आढळणारे शेकडो-हजारो छोटे बदल मोजतात. २००७ साली नवव्या गुणसूत्रावर सापडलेला तसाच. एकेकटा तो धोका जरासा वाढवतो, पुष्कळांची बेरीज मात्र जड होऊ शकते. ही गणितं मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेली आहेत. आपल्याला ती जशीच्या तशी लागू होत नाहीत. शिवाय २०१६ साली ५० हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून दिसलं, की सर्वांत जास्त जनुकीय धोक्याच्या गटातही तंबाखू-सिगारेट नाही, वजन आटोक्यात, थोडा व्यायाम, बरा आहार, यांतलं बहुतेक पाळणाऱ्यांत हृदयविकार जवळपास निम्म्यावर आला. तेव्हा लाल अक्षरांनी झोप उडवून घेऊ नकोस.

मोटेचं मात्र वेगळं आहे. तिथे नुसत्या चालण्याने भागत नाही, एलडीएल उतरवणारी गोळी (स्टॅटिन) लागते. आणि तू नाक मुरडणार, ‘चोविसाव्या वर्षी गोळी?’ त्यासाठीच पुढची गोष्ट. पीसीएसके९ नावाचं एक जनुक आहे. त्याचं काम वाढलं की रिसेप्टर लवकर मोडतात; फ्रान्समधल्या काही कुटुंबांत २००३ साली हे दिसलं. मग डॅलसच्याच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलट बाजू शोधली: ज्यांच्या या जनुकाची एक प्रत निकामी आहे अशी माणसं. २००६ साली त्यांनी दाखवलं, की अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं, हृदयविकार मात्र ८८ टक्के कमी. २८ला ८८! एवढा फरक का, तर त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी होतं. हृदयाला रक्त नेणारी रोहिणी मोजते ती आजचा आकडा नव्हे, साचलेली वर्षं. बाबांना गोळी त्रेचाळिसाव्या वर्षी, स्टेंटनंतर मिळाली. तुझ्या हातात त्यांच्यापेक्षा एकोणीस वर्षं जास्त आहेत. मात्र लग्नानंतर बाळाचा विचार करशील तेव्हा आधी डॉक्टरांशी बोल. त्या काळात ही गोळी बहुधा थांबवतात.

रक्त देशील तेव्हा लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एलडीएलसारखाच आणखी एक कण) पण एकदा करून घे. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते नसतं. त्याची पातळी जवळजवळ सगळी वारशानेच ठरते, पथ्याने हलत नाही. म्हणून बहुतेकांना जन्मात एकदा तपासलं तरी पुरतं.

आता खरं अवघड काम. गणपतीत सगळे जमतील तेव्हा वही घेऊन बस आणि कोण, कितव्या वर्षी, कशाने गेलं ते लिहून काढ. ‘गॅसेस झाले होते’, ‘झोपेत गेले’, ‘करणी केली कुणीतरी’, यांच्यापुढे वय लिही. वय खोटं बोलत नाही. तुझ्या चुलत आजोबांचं असंच करणीवर ढकललंय, अडतिसाव्या वर्षी. धाकट्या आत्याकडून काही कळणार नाही, तिच्या मुलीची स्थळं चालू आहेत. तिला दुखवू नकोस. ‘मुलीचं कोलेस्टेरॉल तेवढं बघून घे’ एवढंच सांग, आकडा कुणाला दाखवायची गरज नाही. अशा घरातल्या मुलांचं रक्त आठ-दहाव्या वर्षीच तपासायला सांगतात. तुझ्या भावाला तर एकोणीस झाली.

त्याला दिवाळीच्या सुट्टीत इकडे घेऊन ये. बाबांनाही आण. त्यांचा एलडीएल गोळीमुळे आता ठीकच दिसेल, त्यावरून मला काही कळायचं नाही. येताना त्यांना बूट-मोजे नको, चपला घालून यायला सांग.

तुझा,
डॉक्टरकाका