काताच्या आरंभीची हस्तखूण: मुद्रा की सलामी?

प्रश्न: कराटेमधील ‘जिऑन’, ‘जित्ते’, ‘बासाई-दाई’ अशा काता (ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींच्या मालिका) सुरू होताना उजवी मूठ डाव्या पंजाने झाकली जाते. या खुणेला मराठीत ‘मुद्रा’ म्हणणे योग्य आहे का? तिच्यात चीनच्या मिंग राजवटीची निष्ठा लपलेली आहे, असे सांगतात, ते खरे का?

उत्तर: हाताच्या अर्थपूर्ण खुणेसाठी मराठी माणसाला ‘मुद्रा’ हा शब्द सुचणे अगदी स्वाभाविक आहे, मात्र येथे तो टाळावा, असे माझे मत आहे. संस्कृतातील ‘मुद्रा’चा एक जुना अर्थ शिक्का किंवा छाप असा असून राजमुद्रा, मुद्रांक, मुद्रण या शब्दांत तो आपल्याकडे आजही टिकून आहे. बौद्ध धर्माबरोबर हस्तमुद्रा चीनमध्ये पोहोचल्या, तेव्हा तेथेही त्यांच्यासाठी ‘यिन’ हा शिक्का याच अर्थाचा शब्द रूढ झाला आणि पुढे जपानीत तो ‘इन’ झाला. त्यामुळे ‘मुद्रा’ म्हटले की ती खूण बुद्धमूर्तींच्या आणि मंत्रसाधनेच्या परंपरेत जाऊन बसते. काताच्या आरंभीच्या खुणेचे कुळ वेगळे आहे.

तिचे मूळ ‘गोंगशौ’ या प्राचीन चिनी अभिवादनात आहे. त्यात दोन्ही हात एकावर एक धरून छातीपुढे आणतात. पुरुषाने एरवी डावा हात वर ठेवावा आणि शोककाळात उजवा, असा तेथील संकेत होता. ‘लीजी’ या विधिग्रंथात याविषयीचा एक सुंदर प्रसंग आहे. कन्फ्यूशियस उजवा हात वर धरून उभा होता. ते पाहून शिष्यांनीही उजवे हात वर घेतले. तेव्हा, माझी बहीण वारली आहे म्हणून मी असा उभा आहे, असे त्याने सांगितले आणि शिष्यांनी लगेच डावे हात वर घेतले. काताच्या खुणेतही डावा पंजाच वर असतो, ही जुळणी मला फार बोलकी वाटते. चिनी युद्धकलांतील ‘पाओच्युआन’, म्हणजे मूठ कवेत घेणे, हे याच अभिवादनाचे लढवय्यांमध्ये रुळलेले रूप होय. प्रहार करणारी मूठ झाकून संयम दाखवणे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

ही रीत कराटेच्या जन्मभूमीत, म्हणजे आज जपानमध्ये असलेल्या ओकिनावा बेटावर पोहोचण्यास वाटाही होत्या. 1392 साली फुजियान प्रांतातील कुटुंबे नाहाजवळच्या कुमे गावी वसली, असे परंपरा सांगते, आणि 1879 मध्ये जपानने ओकिनावातील र्युक्यू राज्य खालसा करेपर्यंत चीनशी दूतांची आणि व्यापाऱ्यांची ये-जा चालू राहिली.

आता मिंगविषयी. ‘मिंग’ हे चिनी अक्षर सूर्य आणि चंद्र यांच्या चिन्हांनी बनते. मूठ सूर्य आणि पंजा चंद्र मानला, की दोहोंतून ‘मिंग’ उमटतो आणि मिंगनंतर आलेल्या छिंग सत्तेला उलथून मिंग पुन्हा आणण्याची ती गुप्त शपथ ठरते. अठराव्या शतकात फुजियानमध्ये उदयास आलेल्या तिएनदीहुईसारख्या गुप्त मंडळींच्या परंपरेत ही घोषणा आणि सांकेतिक खुणा खरोखरच होत्या, म्हणून या अर्थाला निव्वळ कल्पना म्हणून झटकून टाकू नये. परंतु मिंग राजवट 1368 ते 1644 या काळातली आणि हे अभिवादन तिच्यापेक्षा कितीतरी शतके जुने. तेव्हा मिंगनिष्ठा हा जुन्या खुणेवर नंतर चढलेला अर्थ आहे, तिचा उगम नव्हे.

‘कांकू-दाई’च्या आरंभी तळव्यांच्या त्रिकोणातून आकाशाकडे पाहतात, त्या खुणेबाबत अधिकच सावध राहावे. या काताचे जुने नाव ‘कुशांकू’. या नावाच्या, चीनहून आलेल्या योद्ध्याचा उल्लेख 1762 च्या एका जपानी नोंदीत सापडतो. ‘आकाश पाहणे’ या अर्थाचे ‘कांकू’ हे नाव मात्र कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांनी विसाव्या शतकात दिले, त्यामुळे त्या नावावरून चिनी गूढार्थ काढता येत नाही.

मग मराठीत काय म्हणावे? लढण्यासाठी सज्ज उभे राहण्याच्या ढंगाला, म्हणजे जपानी ‘कामाए’ला आपला ‘पवित्रा’ हा शब्द नेमका बसतो. मात्र आरंभीच्या या खुणेला मी ‘सलामी’ म्हणेन. कुस्तीच्या आखाड्यात मल्ल भिडण्यापूर्वी सलामी झडते, आणि ‘सलामीचा फलंदाज’ म्हणताना हाच शब्द आरंभही सुचवतो. आदर आणि आरंभ हे दोन्ही अर्थ या खुणेत आहेत, म्हणून ‘जिऑनची सलामी’ हा प्रयोग निःशंकपणे करावा.