सुपरमॅन की हल्क? आधी माती कुणाची ते बघा

तुमचा प्रश्न असा आहे की मुलगा सुपरमॅनचा, भाचा हल्कचा, आणि रोज संध्याकाळी दोघांची जुंपते. एक डीसीचा, दुसरा मार्व्हलचा. दोन वेगळ्या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनांच्या नायकांची ताकद एका मापात मोजायची तरी कशी?

मी बेळगावचा. लहानपणी दोन ठिकाणी जायचो. सकाळी मामांच्या तालमीत आणि रविवारी कॅम्पातल्या एका रद्दीच्या दुकानात. कॅम्प म्हणजे लष्करी वस्ती. बदली झाली की तिथली घरं रिकामी व्हायची आणि इंग्रजी कॉमिक्सचे गठ्ठे रद्दीत यायचे. किलोवर मिळायची. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रद्दीत अर्धं सापडलं आणि तालमीत अर्धं.

मामा वस्ताद होते. गावोगावच्या जत्रेत कुस्त्यांच्या जोडी लावायला त्यांना बोलवायचे. एकदा खानापूरच्या बाजूला एका मैदानात मॅटवर तयार झालेला एक पैलवान आला होता. उंचापुरा, खांदे असे की लोक हलगी सोडून त्याच्याकडे बघत होते. समोर आमच्या तालमीचा पोरगा, त्याच्यापेक्षा दहा-बारा किलोने हलका. हौद्यातली माती ताक, तेल, हळद घालून भुसभुशीत केलेली, पाय घोट्यापर्यंत रुतायचा. त्या मोठ्या पैलवानाने दोनदा झपकन पायाला हात घातला, दोन्ही वेळा त्याचाच पाय मातीत अडकला. तिसऱ्यांदा आमच्या पोराने ढाक मारली आणि तो आभाळ बघत पडला. परत येताना मी मामांना विचारलं, ताकद तर त्याची जास्त होती की. मामा म्हणाले, "ताकद मागनं मोज. माती कुणाची हाय ते आधी बघ."

कॉमिक्सची तुलना करताना बहुतेक लोक इथेच चुकतात. कोण किती टन उचलतो हे विचारतात. त्या नायकाची ताकद कशावर अवलंबून आहे, ती अट समोरच्याच्या जगात लागू आहे का, हे विचारतच नाहीत.

आकडे आहेत, नाही असं नाही. मार्व्हलने ऐंशीच्या दशकात आपल्या पात्रांचा कोशच काढला. त्यात स्पायडरमॅन 10 टन उचलतो. आमच्याकडची उसाने गच्च भरलेली एक ट्रॉली डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढं. हल्क आणि थॉर 100 टनांच्या वरच्या वर्गात, म्हणजे तराजूच तिथे संपतो. डीसीने असा तराजू इतक्या निगुतीने कधी सांभाळला नाही आणि सुपरमॅनच्या बाबतीत सांभाळता आलाही नसता. 1938 मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा उडतसुद्धा नव्हता. फर्लांगभर, म्हणजे दोनशे मीटरच्या आसपास उडी मारायचा आणि तोफगोळा फुटल्याशिवाय त्याच्या कातडीला काही होत नसे. उडायला तो पुढे लागला. साठच्या दशकातल्या एका कथेत त्याला शिंक येते, पृथ्वीला धोका नको म्हणून तो दूरच्या ओसाड सूर्यमालेत जाऊन शिंकतो आणि ती अख्खी सूर्यमाला उडून जाते. मग 1986 मध्ये जॉन बर्न या लेखक-चित्रकाराने त्याची कथा नव्याने मांडली आणि ताकद बरीच खाली आणली. आता सांगा, तुमचा मुलगा यातल्या कुठल्या सुपरमॅनची बाजू घेतोय? वाद सुरू करण्याआधी त्याला हे जरूर विचारा. पैलवान विशीतला की चाळिशीतला हे न बघता कोणी जोड लावत नाही.

आता मातीचं. या दोन कंपन्यांचे नायक पहिल्यांदा समोरासमोर आले ते 1976 मध्ये, सुपरमॅन आणि स्पायडरमॅन. ते मोठ्या आकाराचं पुस्तक मला त्याच रद्दीच्या दुकानात मिळालं, मागचं पान गेलेलं. आता 10 टनवाला स्पायडरमॅन सुपरमॅनला मारणार कसा? लेखक गेरी कॉनवे यांनी तोड काढली. सुपरमॅनचा वैरी लेक्स ल्यूथर लपून स्पायडरमॅनवर लाल सूर्याच्या किरणांचा मारा करतो. सुपरमॅनचं बळ आपल्या पिवळ्या सूर्यातून येतं, लाल सूर्याखाली तो साधा माणूस. त्यामुळे थोडा वेळ स्पायडरमॅनचे ठोसे त्याला खरोखर लागतात. मग तो परिणाम ओसरतो. स्पायडरमॅनला ते कळत नाही, तो ठोसे मारतच राहतो, समोरचा शांत उभा, आणि शेवटी याचेच हात दुखू लागतात. ते पान मी किती वेळा बघितलं असेल याची गणती नाही. दोघांचा मान राखून दोघांमधला फरक इतका स्पष्ट दाखवणारं दुसरं पान मला माहीत नाही.

याहून उत्तम उदाहरण 2003-04 च्या चार भागांच्या मालिकेत आहे. कर्ट ब्यूसिक यांची कथा, जॉर्ज पेरेझ यांची चित्रं, डीसीच्या नायकांची फौज जस्टिस लीग विरुद्ध मार्व्हलची फौज अ‍ॅव्हेंजर्स. डीसीचा सुसाट धावणारा फ्लॅश मार्व्हलच्या जगात पाऊल ठेवतो आणि त्याची धावच जाते. कारण त्याचा वेग ज्या शक्तीतून येतो, तो स्पीड फोर्स डीसीच्या विश्वात आहे, इथे नाहीच. उलट मार्व्हलची स्कार्लेट विच डीसीच्या जगात गेल्यावर तिची जादू इतकी भडकते की तिलाच आवरत नाही. प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करणारा माणूस परक्या मातीत साधा माणूस होऊन उभा! मॅटवरून हौद्यात उतरलेला तो पैलवान मला लगेच आठवला. म्हणून फ्लॅश विरुद्ध मार्व्हलचा तसाच वेगवान क्विकसिल्व्हर असा प्रश्न कोणी विचारला की माझं उत्तर ठरलेलं असतं: डीसीच्या जगात फ्लॅश, आणि तेही सहज. मार्व्हलच्या जगात क्विकसिल्व्हर.

1996 च्या लढतींचा दाखला लोक फार देतात. तेव्हा दोन्ही कंपन्यांनी मिळून 11 जोड्या लावल्या आणि त्यातल्या पाचांचा निकाल वाचकांच्या मतांवर ठेवला. सुपरमॅनने हल्कला हरवलं, डीसीच्या बॅटमॅनने मार्व्हलच्या कॅप्टन अमेरिकाला, आणि मार्व्हलकडून स्पायडरमॅनने सुपरबॉयला, वुल्व्हरिनने लोबोला, स्टॉर्मने वंडर वूमनला. हा कौल ताकदीचा समजू नका, तो लोकप्रियतेचा आहे. वुल्व्हरिन आणि लोबोची लढत तर दारूच्या अड्ड्यात काउंटरमागे होते, आपल्याला दिसतसुद्धा नाही, शेवटी फक्त वुल्व्हरिन उठून येतो. प्रेक्षकांना न दाखवलेली कुस्ती निकाली म्हणून आमच्या आनंदवाडीच्या मैदानात कोणी मान्य केली नसती. आणि वंडर वूमनचं मला आजही वाईट वाटतं. त्याच कथेत थॉरचा हातोडा तिच्या हाती लागतो. जो लायक असेल त्यालाच तो उचलता येतो आणि ती उचलते. पण स्टॉर्मशी लढताना बरोबरी राहावी म्हणून ती तो बाजूला ठेवते, आणि मग मतांवर हरते. माझ्या लेखी त्या पुस्तकातली सगळ्यात मोठी नायिका तीच.

प्रकाशनांचं खरं भांडण मात्र पानांवर कमी आणि कोर्टात जास्त झालं. फॉसेट या तिसऱ्या प्रकाशनाचा कॅप्टन मार्व्हल 1940 मध्ये आला. शॅझॅम म्हटलं की पोराचा महाबली होतो, तो हाच. चाळीसच्या दशकात एक काळ असा होता की तो सुपरमॅनपेक्षा जास्त खपत होता. डीसीवाल्यांनी नक्कल म्हणून दावा लावला, बरीच वर्षं चालला, आणि 1953 मध्ये फॉसेटने हात टेकले, त्याची पुस्तकं बंद केली. मग 1967 मध्ये मार्व्हलने कॅप्टन मार्व्हल हे नाव स्वतःच्या एका नव्या पात्राला दिलं. पुढे सत्तरच्या दशकात डीसीनेच फॉसेटकडून हक्क घेऊन तो जुना नायक परत आणला तर त्याच्याच नावाने पुस्तक काढता येईना, मुखपृष्ठावर शॅझॅम छापावं लागलं. माणूस तोच, पण पाटीवर नाव दुसरं. हे दुखणं काय असतं ते आम्हा सीमाभागातल्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको.

थॉरबद्दलही विचारतील पोरं, म्हणून सांगतो. सुपरमॅनचं कवच जादूपुढे चालत नाही, आणि थॉरचा हातोडा जादूचा. म्हणून थॉर जिंकणार असं बरेच जण म्हणतात. पण जादूपुढे सुपरमॅन जास्त दुबळा होतो असं नाही, इतरांना जेवढं लागेल तेवढंच त्यालाही लागतं. त्या 2003 च्या मालिकेत सुपरमॅन मार खाऊनही थॉरला पाडतो. मला तो निकाल पटतो, पण दहा लढतींतल्या चार तरी मी थॉरला देईन.

आता तुमच्या घरातली जोड. हल्कची अट अशी की राग वाढेल तशी ताकद वाढते, आणि तिला वरची मर्यादा सांगितलेली नाही. साधा पैलवान दहाव्या मिनिटाला दमतो, हल्क दहाव्या मिनिटाला पहिल्यापेक्षा भारी असतो. म्हणजे लढत जितकी लांबेल तितकी ती हल्ककडे झुकणार. सुपरमॅनकडे वेग आहे, उडणं आहे, दुरून मारा करणारी नजर आहे. त्याने पहिल्या मिनिटातच हल्कला उचलून पृथ्वीबाहेर नेलं तर प्रश्न मिटला. पण त्याचा स्वभाव आड येतो. तो समोरच्याला आधी समजावतो, हात आखडता घेतो, आजूबाजूची माणसं वाचवत बसतो. तेवढ्यात हल्क तापतो.

माझा निकाल: उघड्या माळावर, दिवसा, आसपास कोणी नसताना सुपरमॅन. भर बाजारात, माणसांच्या गर्दीत, अर्धा तास चाललेली लढत असेल तर हल्क. मुलाला आणि भाच्याला आधी मैदान ठरवायला लावा. आमच्या मामांनी तर मैदान न बघता जोड लावलीच नसती.