मिनेसोटात मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी ८ औंसांचे रबरी लूर (नकली आमिषं) फेकायचे आहेत, 'हेवी' म्हणजे ताठ, जड वर्गाचा मासेमारीचा रॉड पुरेल का?

नाही, एक्स्ट्रा हेवी घ्या. पण नुसत्या नावावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा 'हेवी' वेगळा. मुठीच्या वर दांड्यावर लूरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते. तुमचे ८ औंस (सुमारे २२५ ग्रॅम) तिच्या मधोमध यावेत, टोकाला नकोत. काठावरचा रॉड दिवसभर फेकताना दमवतो, आणि जोरात फेकताना तुटूही शकतो. १० नंबरच्या (मोठ्या) दोन फिरत्या पात्यांचे बकटेल, म्हणजे केसांचा झुबका लावलेले लूर, तर फसवेच! वजनाला हलके, पण ओढताना पाणी असं धरतात की मनगट बोलायला लागतं. त्यांनाही जड रॉडच बरा. मात्र असल्या ताठ रॉडने एक-दीड औंसाचे लूर नीट जात नाहीत, तो वाकतच नाही. त्यांच्यासाठी दुसरा रॉड ठेवा.