बेळगावात घरी बसून हबल दुर्बिणीचे अतिनील वर्णपट कसे साफ करावेत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही बेळगावात एम.एस्सी. फिजिक्स करताय. प्रोजेक्टसाठी आय झ्विकी 18 या जवळच्या, तारे घडवणाऱ्या बटू दीर्घिकेचे हबलवरच्या कॉस या अतिनील वर्णपट घेणाऱ्या उपकरणाने घेतलेले सहा एक्सपोजर मास्ट या ऑनलाइन संग्रहातून उतरवून घेतलेत. ते जोडून एक वर्णपट (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश, याचा आलेख) करायचा आहे. शिवाय 1216 आंगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) इथे आभाळाला टेकणारी रेषा दिसतेय, ती खरी का? आणि साधा लॅपटॉप पुरेल का?

मी खानापूरची. पुण्यात पीएचडी करताना दोन वर्षं हेच केलं, आता बेळगावात शिकवते. माझ्या चुका सांगितल्या तर तुमचा वेळ वाचेल.

आधी ती रेषा. ती दीर्घिकेची नाही, आपल्या पृथ्वीची आहे. हबल पाचएकशे किलोमीटर उंचीवरून फिरते, पण पृथ्वीभोवतीचा हायड्रोजनचा विरळ गोळा हबलच्याही कितीतरी वर पसरलेला आहे आणि सूर्यप्रकाशाने तो लायमन अल्फा या हायड्रोजनच्या अतिनील रेषेत चमकत असतो. दुर्बीण कुठेही रोखा, ती चमक 1215.67 आंगस्ट्रॉमला येणारच. कॉसचं भोक अडीच आर्कसेकंदांचं, ते या उजेडाने पूर्ण भरतं, म्हणून रेषा रुंद दिसते. 1302 ते 1306 च्या दरम्यान ऑक्सिजनच्या तीन रेषाही अशाच घरच्या. त्या मात्र हबल पृथ्वीच्या सावलीत असताना जवळजवळ मावळतात. कॉस बहुतेक वेळा प्रत्येक फोटॉन वेळेसकट नोंदवतं, त्यामुळे फक्त रात्रीचे फोटॉन निवडून वर्णपट पुन्हा काढता येतो. लायमन अल्फाला ही युक्ती लागू पडत नाही, तो भाग झाकूनच टाका.

आता माझी फजिती. 1260 आंगस्ट्रॉमच्या आसपास आयनित सिलिकॉनच्या दोन शोषणरेषा दिसत होत्या, एक 1260.4 ला आणि दुसरी 1263.6 च्या जवळ. दुसरी दीर्घिकेच्या रेडशिफ्टशी (दूर जाण्यामुळे रेषा लांब तरंगलांबीकडे सरकतात, त्या सरकण्याशी) जुळत होती. मग पहिली काय असेल? मी हिशोब केला: आपल्याकडे येणारा वायू, वेग सेकंदाला साडेसातशे किलोमीटर! एवढ्याशा दीर्घिकेतून एवढा जोरदार वारा वाहतोय म्हटल्यावर मला रात्रभर झोप नाही. सकाळी सरांना आलेख दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "या दीर्घिकेचा आपल्यापासून दूर जाण्याचा वेग किती?" साडेसातशे. म्हणजे माझा वारा बरोबर शून्य वेगाने आपल्याच आकाशगंगेत उभा होता. दीर्घिकेचा प्रकाश येता येता आपल्या घरच्या वायूतून गाळून येतो, त्याचा हा ठसा. आमच्या गल्लीत पाटलांची दोन घरं, पोस्टमन हमखास एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात टाकायचा. मी तेच केलं होतं.

म्हणून पहिलं काम हे करा: आलेखावर रेषांच्या खुणा दोनदा उमटवा, एकदा शून्य रेडशिफ्टला आणि एकदा 0.0025 ला. सिलिकॉन 1260 आणि 1526, कार्बन 1334, ॲल्युमिनियम 1670, या सगळ्यांच्या जोड्या दिसतील (1526 आणि 1670 तुमच्याकडे जी160एम या, प्रकाश फोडणाऱ्या जाळीचं निरीक्षण असेल तरच). शून्य रेडशिफ्टच्या, म्हणजे आकाशगंगेच्या खुणा मापनातून वगळा. पण फेकू नका. सहा एक्सपोजरमध्ये तरंगलांबी जराशी मागेपुढे सरकलेली असते, ती जुळवायला याच अरुंद, जागेवर ठाम रेषा कामी येतात.

जोडणी हा प्रश्नाचा गाभा, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. पुस्तकात शिकवलेलं असतं, ज्याची त्रुटी कमी त्याला वजन जास्त. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण अतिनीलमध्ये फोटॉन मोजून मापून येतात. एका पिक्सेलवर खरे 4 फोटॉन यायला हवेत असं धरा. एका एक्सपोजरमध्ये योगायोगाने 2 आले, दुसऱ्यात 6. सरळ सरासरी 4. पण फोटॉनची त्रुटी त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढी धरली, की 2 वाल्याची त्रुटी लहान, म्हणून त्याला तिप्पट वजन, आणि उत्तर येतं 3. थेट 25 टक्के कमी! जो कमी मोजतो तोच "माझं माप पक्कं" म्हणून पुढे येतो आणि आपण त्यालाच मान देतो. शोषणरेषेच्या तळाशी, जिथे फोटॉन सगळ्यात कमी, तिथे हा घोटाळा सगळ्यात वाईट, आणि आपल्याला नेमकं तेच मोजायचं असतं.

तेव्हा वजन त्रुटीवरून देऊ नका. एक्सपोजरचा काळ गुणिले त्या तरंगलांबीची संवेदनक्षमता, हे वजन द्या. संवेदनक्षमता फाइलमध्ये वेगळी दिलेली नसते, पण नेट कॉलमला (सेकंदाला मोजलेले फोटॉन) फ्लक्स कॉलमने (प्रत्यक्ष तेजाचं माप) भागलं की निघते. सोप्या भाषेत, सगळे फोटॉन एका पोत्यात ओता आणि शेवटी एकदाच भागा. त्रुटीही शेवटी, एकूण फोटॉनवरून काढा. फाइलमधल्या डेटा क्वालिटीच्या खुणेने बाद ठरवलेले पिक्सेल ओतण्याआधीच काढायचे. आणि सहाही वर्णपट तरंगलांबीच्या एकाच मोजपट्टीवर एकदाच बसवा. पुन्हा पुन्हा इंटरपोलेशन (मधल्या किमती अंदाजाने भरणं) केलं की शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात, वर्णपट गुळगुळीत दिसतो आणि त्रुटी खोटीच कमी वाटते. गुळगुळीत आलेखाचा मला तेव्हापासून संशय येतो.

त्यानंतर धूळ. आकाशगंगेची धूळ आपल्या चौकटीत आहे, म्हणून तिची दुरुस्ती निरीक्षित तरंगलांबीवर करायची आणि मगच रेडशिफ्टची दुरुस्ती करायची. आय झ्विकी 18 इतकी जवळ आहे की क्रम उलटला तरी फारसा फरक पडणार नाही, पण सवय चुकीची लागते आणि पुढच्या दीर्घिकेला नडते. दुरुस्ती किरकोळ समजू नका. या दिशेला धुळीचा रंगफरक (प्रकाश धुळीने किती तांबूस होतो त्याचं माप) साधारण 0.03 मॅग्निट्यूड आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात त्याने नऊएक टक्के फरक पडतो, 1500 आंगस्ट्रॉमला पंचवीसेक टक्के. दीर्घिकेची स्वतःची धूळ हा वेगळा विषय, आत्ता त्यात पडू नका.

बिनिंग, म्हणजे शेजारचे पिक्सेल एकत्र करणं, शेवटी. जी130एम जाळीत बिंदूसारख्या स्रोतासाठी साधारण सहा पिक्सेल मिळून एक खरा ठिपका होतो, म्हणजे निदान सहा-सहा पिक्सेल एकत्र करा. तुमची दीर्घिका बिंदू नाही, पसरट आहे, त्यामुळे खरं विभेदन याहून खराब असणार. कागदोपत्री आकडा बघून अरुंद रेषांवर विश्वास टाकू नका.

लॅपटॉपचं म्हणाल तर कोणताही चालेल. जोडायच्या एक्स1डी फायली (यात काढून ठेवलेले वर्णपट असतात) मोजक्या एमबींच्या असतात, पायथन ही भाषा आणि तिचं ॲस्ट्रोपाय पॅकेज एवढं पुरे. फोटॉनच्या याद्या असलेल्या कॉर्टॅग फायली मात्र जड. आमच्या खानापुरात पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही, तेव्हा त्या कॉलेजच्या नेटवरून उतरवा. मास्टवर जोडून तयार वर्णपटही मिळतात, आणि क्लासी या सर्वेक्षणाने 45 जवळच्या दीर्घिकांचे अतिनील वर्णपट काळजीपूर्वक तयार करून ठेवलेत. ते आधी उघडू नका. आपलं करून झालं की वर ठेवून बघा, कुठे कमी पडलं ते लगेच कळेल.

आणि ती उंच रेषा झाकल्यावर तिच्या दोन्ही अंगांना एक रुंद, खोल खळगा उरेल. तो पुसू नका, तो खरा आहे. त्यात दीर्घिकेचा हायड्रोजन आहे आणि आकाशगंगेचाही, 3 आंगस्ट्रॉमच्या अंतराने एकमेकांवर चढलेले. दोन्ही एकदम फिट करावे लागतील. अडलात तर आलेख टाका, बघते.