फुकट पुष्कळ आहे, पण कामाचं कोणतं?

प्रश्न : मी सांगलीची, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सांगली परिसरातल्या दिगंबर जैन समाजाच्या दशलक्षण पर्वावर, म्हणजे दहा धर्मगुणांच्या दहा दिवसांच्या उत्सवावर, लघुप्रबंध लिहायचा आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर चार-पाचच पुस्तकं आहेत आणि ऑनलाइन लेख उघडायला गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात. फुकट आणि भरवशाचं साहित्य कुठे शोधू? आणि बाबा विचारतात, धर्माचा अभ्यास करून पुढे काय?

उत्तर : बाबांच्या प्रश्नाचं आधी सांगते. यूजीसी-नेटला तौलनिक धर्म अभ्यास, 'बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अध्ययन' आणि प्राकृत असे तीन वेगळे विषय आहेत. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएच.डी.चा खर्च निघतो. प्राध्यापकांच्या जागा मात्र मोजक्याच असतात, हे त्यांना आत्ताच सांगून टाक.

आता साहित्याचं. ऑनलाइन फुकट जे सगळ्यात आधी हाताला लागतं, ते बहुतेक वेळा कॉपीराइट संपलेलं, म्हणजे जुनं असतं. तुझ्या विषयात तर त्यात एक खड्डाही आहे. जैन आगमांचं, म्हणजे धर्मग्रंथांचं, इंग्रजी भाषांतर शोधलंस की 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' या ग्रंथमालेचे २२ आणि ४५ हे खंड समोर येतील. हर्मन याकोबी यांची ही भाषांतरं १८८४ आणि १८९५ ची. आचारांग, कल्पसूत्र, सूत्रकृतांग, उत्तराध्ययन हे त्यातले ग्रंथ श्वेतांबर परंपरेचे. दिगंबर त्यांना प्रमाण मानत नाहीत आणि तुझ्या भागातला समाज प्रामुख्याने दिगंबर. त्या खंडांच्या जोरावर दशलक्षणावर प्रकरण लिहिलंस, तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकशील. तुझा पाया तत्त्वार्थसूत्र. ते दोन्ही पंथांना मान्य आहे आणि उत्तम क्षमेपासून ब्रह्मचर्यापर्यंतच्या दहा धर्मांचं सूत्र त्याच्या नवव्या अध्यायात आहे. जोडीला दिगंबर परंपरेतल्या कुंदकुंदाचार्यांचे ग्रंथ घे. त्यांच्या 'प्रवचनसारा'ची १९३५ ची आवृत्ती आ. ने. उपाध्ये यांनी संपादित केलेली आहे. ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकवत. त्या आवृत्तीची त्यांची इंग्रजी प्रस्तावना सावकाश वाच.

मूळ ग्रंथांसाठी जैन ई-लायब्ररीवर मोफत नोंदणी कर. तिथे हिंदी-गुजराती आवृत्त्यांचे स्कॅन भरपूर आहेत. दुसरं ठिकाण इंटरनेट आर्काइव्ह. तिथे भारतीय पुस्तकांची नावं रोमन लिपीत कशीही टाकलेली असतात. 'जैन' शब्द कुठे शेवटी 'ए' लावून, कुठे न लावता. 'लक्षण'मधला 'क्ष' कुठे 'केएसएच', कुठे नुसता 'एक्स'. एका स्पेलिंगने सापडलं नाही म्हणजे पुस्तक नाही, असं समजू नकोस. तीन-चार स्पेलिंगं करून बघ, मग संपादकाच्या नावाने शोध.

नव्या संशोधनासाठी लंडनच्या सोआस या विद्यापीठ संस्थेतल्या जैन अध्ययन केंद्राचं ऑनलाइन नियतकालिक आणि वार्षिक वार्तापत्र, दोन्ही मोफत आहेत. लेखांची सूची ट्युबिंगेन विद्यापीठाच्या 'इंडेक्स थिऑलॉजिकस'वर मिळते. धर्माच्या शास्त्रीय अभ्यासासाठी तिचीच बहीण म्हणावी अशी 'रेलबिब' आहे, तुला ती जास्त उपयोगी. तिथे प्रत्येक लेख उघडेलच असं नाही, पण कोणी काय लिहिलंय ते कळतं. मग तो लेख जेस्टॉर या संशोधन लेखांच्या ऑनलाइन संग्रहात बघ. मोफत खात्यावर ३० दिवसांत १०० लेख स्क्रीनवर वाचता येतात, डाउनलोड होत नाहीत. म्हणून वही जवळ ठेवूनच बस. गूगल स्कॉलरवर लेखाखाली सगळ्या आवृत्त्यांची लिंक असते. लेखकाने स्वतः टाकलेली प्रत बऱ्याचदा तिथेच सापडते.

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मराठी शब्द टाकून शोधू नकोस. पुष्कळ मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण शोधयंत्राला ती निरर्थक अक्षरं. त्यापेक्षा विद्यापीठ निवड, मग विभाग, आणि यादी डोळ्यांखालून घाल. प्रबंध प्रकरणवार वेगळ्या पीडीएफमध्ये असतात. आधी संदर्भसूचीची फाइल उघड. प्रबंध सुमार निघाला तरी सूची कामी येते.

स्थानिक इतिहासात आणखी एक गोची आहे. ब्रिटिश काळातलं सांगलीचं गॅझेटियर (जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ) शोधशील तर मिळणार नाही, कारण तेव्हा हा जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून तो झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. तासगाव, वाळवा, खानापूर हवं असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्यावरचा १९ वा खंड (१८८५) बघ. सांगली-मिरज संस्थानांसाठी कोल्हापूरचा २४ वा (१८८६). तिथल्या जातिधर्मांच्या वर्णनात इंग्रज अधिकाऱ्याची नजर आहे. तेव्हाची नोंद म्हणून ते वापर, आजचं सत्य म्हणून नको. समाजरचनेसाठी विलास संगवे यांचं १९५९ चं जैन समाजाचं सर्वेक्षण शोध. जुना मराठी शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संग्रहात मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश आहेत. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोशही मोफत आहे, पण तो दिशा समजून घेण्यापुरता. मुख्य संदर्भ म्हणून त्याचा आधार देऊ नकोस.

या आठवड्यात ग्रंथपालांकडे एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं देणाऱ्या योजनेचं, लॉगिन माग. पुष्कळ मुलांना ते आहे हेच माहीत नसतं. १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिकांची योजना सरकारी संस्थांसाठी आहे. तुझं कॉलेज खासगी अनुदानित असेल तर ती गृहीत धरू नकोस. त्याऐवजी कोल्हापूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचता येईल का, ते जाण्याआधी फोन करून विचार. एवढं करूनही एखादा लेख मिळाला नाही, तर लेखकाला चार ओळींची ईमेल कर. विषय, लेखाचं नाव आणि वर्ष, बस. बरेच अभ्यासक आनंदाने प्रत पाठवतात.

आणि टिपा काढताना स्कॅनवरचा छापील पान क्रमांकच लिही. पीडीएफ जो आकडा दाखवते, त्यात मुखपृष्ठ आणि कोरी पानंही मोजलेली असतात, त्यामुळे तो दहा-वीस पानांनी पुढे असतो.