बाबांचा पाय आणखी बिघडला, तर फौजेची अपंगत्व पेन्शन वाढते का?

वाढू शकते, पण आधी बाबांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून बघा. तुम्ही लिहिलंय की बर्फात गारठलेल्या पावलासाठी 20 टक्के अपंगत्व कायम धरलंय आणि आता गुडघाही गेला, वावरात जाणं बंद झालं.

खरी मेख टक्केवारीत आहे. 50 च्या खालची टक्केवारी 50 धरतात, 50 ते 75 असली तर 75 आणि त्यावर 100. म्हणजे फौजेच्या वैद्यकीय बोर्डाने 20 चे 40 केले तरी हाती छदाम जास्त येणार नाही. पीपीओवर अजून 20 च दिसत असेल, तर तपासणीआधी या राउंडिंगचाच अर्ज टाका.

कायम ठरवलेलं अपंगत्व फौज आपणहून पुन्हा तपासत नाही, जवानाने स्वतः मागणी करावी लागते. अर्ज बाबांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. बाबा गार्ड्स रेजिमेंटचे असतील तर ते कामठीलाच आहे, महार रेजिमेंट असेल तर सागरला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत करतात.

गुडघ्याचं मात्र अवघड आहे. तो त्याच पावलामुळे बिघडला, असं ईसीएचएसमधल्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) हाडांच्या डॉक्टरकडून कारणासकट लिहून घ्या. नाहीतर 'वयामुळे' म्हणून मोकळे होतात. गावातल्या डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठ्याही फेकू नका.

आणि हो, बोर्ड टक्के कमीही करू शकतं, म्हणून कागद पक्के झाल्यावरच अर्ज टाका. नकार आलाच तर आधी अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण.